कानीबेहीच्या सात चुली

आपल्या गावाचं नाव टाईप केलेलं तहसीनने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं ते त्या मंगळवारी, सकाळी सव्वादहाला, शिधावाटपाच्या कचेरीत. आधी त्याला वाटलं, हे दुसरंच कुठलंतरी गाव असेल. कानीबेही हे नाव आजवर फक्त तोंडात होतं. कानी म्हणजे झरा, आणि बेही म्हणजे ते लव असलेलं, पिवळं, तुरट फळ. नुसतं नाव घेतलं तरी दाढांत तुरटपणा उतरायचा. कागदावर मात्र ते ठणठणीत कोरडं दिसत होतं. वर तालुका, त्यावर दुहोक जिल्हा आणि नावासमोर एक रिकामी चौकट : 'शिधापत्रिकांची एकूण संख्या'. कचेरीचे मुदीर इस्मत, म्हणजे त्याचे साहेब, वयाने त्याच्याहून बारा वर्षांनी लहान, स्वतः उठून त्याच्या टेबलापाशी आले होते. एरवी ते कुणाच्या टेबलापाशी जात नसत. "उद्या दुपारपर्यंत द्या, काक तहसीन," ते म्हणाले. थोरल्या भावाला म्हणावं तसं काक म्हणायचा शिष्टाचार त्यांनी कधी सोडला नव्हता. "वरून फोन आलाय. आकडा टाकायचा आणि खाली सही. फार काही नाही." आणि पंख्याने कागद उडू नये म्हणून त्यांनी हातातला चहाचा पेला त्यावर ठेवला. तो उचलला तेव्हा बुडाचं ओलं वर्तुळ बरोबर त्या चौकटीत उमटलेलं होतं. तहसीन त्या वर्तुळाकडे बघत राहिला. ते शून्यासारखं दिसतंय हे त्याच्या लक्षात यायला दुपार व्हावी लागली.

शनिवारी सकाळी उत्तरेकडून विमानं आली होती आणि कानीबेहीवर बॉम्ब टाकून गेली होती. यात नवलाईचं काही नव्हतं. उत्तरेकडचा देश मित्र होता. बातम्यांत त्याला मित्र म्हणत, आणि म्हणायला काही हरकतही नव्हती, कारण तहसीनच्या घरातला फ्रिज मित्राचा होता, बिस्किटं मित्राची होती, त्याची बायको पेलशीन संध्याकाळी ज्या मालिका बघत रडायची त्या मित्राच्याच होत्या, आणि धाकट्या मुलीला शिकायला जायचं होतं तेही मित्राच्याच एका शहरात. मित्राचं भांडण डोंगरातल्या बंदूकवाल्यांशी होतं. ते त्याच्या देशातून पळून इकडच्या डोंगरांत बसलेले. म्हणून मित्र अधूनमधून हद्द ओलांडून येई, वरूनच हाणून जाई, आणि मग निवेदन काढी. या वेळच्या निवेदनात अकरा अतिरेकी ठार झाले होते आणि 'त्या ठिकाणी नागरी वस्ती नाही' असं एक वाक्य होतं. बगदादमध्ये एक मंत्री टीव्हीवर सार्वभौमत्व सार्वभौमत्व म्हणत तावातावाने बोलला. इकडे, आपल्या लोकांच्या प्रांतिक सरकारात, सगळ्यांनी तोंडावर बोट ठेवलं, कारण मालाचे ट्रक उत्तरेकडूनच यायचे. या दोघांच्या मध्ये कुठेतरी तो कागद निघाला होता. वस्ती असेल तर निषेध कडक करायचा, नसेल तर तोंडदेखला. तहसीनला हे कुणी समजावून सांगितलं नव्हतं. चोवीस वर्षं सरकारी कागद हाताळल्यावर कागद हातात घेतला की तो कुठून आला आणि कुठे जाणार ते माणसाला कळतंच.

शनिवारीच आईचा फोन आला होता. गावात फोन लागतो तो फक्त झऱ्याच्या वरच्या मोठ्या धोंड्यावर उभं राहिलं तर. अठ्ठ्याहत्तर वर्षांची खजाल त्या धोंड्यावर चढून बोलत होती, आणि पहिल्या शब्दालाच तहसीन फोन घेऊन गॅलरीत गेला, कारण ती ओरडून बोलत होती आणि ती कधी ओरडून बोलत नसे. "वरची ओळ गेली. सेलमानचं घर आणि हाजी उमेरचं घर. मी झऱ्यावर होते." "दाये," तहसीन आईला असंच म्हणे, "तू बरी आहेस ना? लागलं का कुठे?" "डाव्या कानात शिट्टी वाजतेय. वाजेल वाजेल नि थांबेल." "टीव्हीवर म्हणतायत, अकरा माणसं मेली." आई मनात मोजत असावी. मग म्हणाली, "कोंबड्या धरून म्हणत असतील." तहसीन फोन कानाला लावून दुहोकच्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत हसला, आणि हसता हसता त्याला बसावं लागलं. खाली भाजीवाला भेंडीचा भाव सांगत होता. "दाये, आता खाली ये. मी गाडी घेऊन येतो," तो म्हणाला. "येईन की, ऑक्टोबरात. फळं उतरवून झाली की येते," आई म्हणाली, "गुरुवारी पाच पेटवीन. त्या दोघांच्या घरांचं बघते काय करता येतं ते." आणि फोन कट झाला.

गुरुवारचं हे पेटवणं त्याच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की शनिवारी ते वाक्य त्याच्या कानावरून तसंच गेलं. त्यांच्याकडे एखाद्याचं घर कायमचं बुडालं, मागे कुणी उरलं नाही, की त्याची चूल आंधळी झाली म्हणतात. शिवी द्यायची तर हीच देतात, आणि ती दिली की सुऱ्या निघतात. गावातले एकेक जण शहरात गेले, कुणी नोकरीसाठी, कुणी पोरांच्या शाळेसाठी, कुणी नुसतंच घाबरून, आणि प्रत्येक जण जाताना खजालच्या दारात येऊन हळूच म्हणाला, "एवढी आमची चूल बघ." तिने बघितलं. एप्रिलमध्ये ती वर जायची, ऑक्टोबरात खाली यायची, आणि मधल्या प्रत्येक गुरुवारी दुपारपासून काटक्यांचा भारा घेऊन घरोघर फिरायची. आपली धरून सात घरं. कुलपाच्या किल्ल्या कमरेला. प्रत्येक चुलीत दोन भाकऱ्या भाजून होतील एवढा जाळ करायची, भाकरी त्या घरातल्या मेलेल्यांच्या नावाने ठेवायची, आणि मग धोंड्यावर चढून तहसीनला सांगायची, "सातही घरं जागी आहेत." तहसीन ते शहरातल्या सहा घरांना फोन करून कळवायचा. पलीकडे कुणीतरी स्वयंपाकघरात ओरडून सांगायचं, "अगं, आपली चूल पेटली," आणि गॅसवर चहा उकळत असायचा. मग गुरुवारी तशा ठेवलेल्या भाकऱ्या कोण खायचं? हा प्रश्न तहसीनने विचारला नव्हता. डोंगरातली पोरं दोनदा-तीनदा आली होती हे त्याला ठाऊक होतं. दारात आलेल्याला आधी खायला घालायचं, आणि खाऊन होईस्तोवर नाव विचारायचं नाही, ही आईची रीत. तिच्या आईची, तिच्या आजीचीही. पोरांनी खाल्लं, आणि खाल्ल्यावर ती त्यांना म्हणाली होती, "पोट भरलं? आता माझ्या अक्रोडाखालून उठा. तुमचं भांडण तुमच्या घरी." पोरं उठली होती. नाव सांगायचा त्यांना वेळही मिळाला नव्हता.

मंगळवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेल्यावर, तहसीनने कपाटातून त्या तालुक्याचं जुनं रजिस्टर काढलं. आकडा त्याला पाठ होता, तरी काढलं. पान उघडलं आणि त्याला झऱ्याची वाट दिसली. हे असं त्याला अलीकडे वारंवार व्हायचं. कागदाकडे बघताना मागून दुसरंच काही वर यायचं, आणि मग पंख्याचा आवाज, बाहेरची रांग, सगळं लांब जायचं. ब्याण्णव साल. तो एकोणीस वर्षांचा. अठ्ठ्याऐंशीला बगदादच्या सैन्याने गाव जमीनदोस्त केलं, वडिलांना ट्रकमध्ये घालून नेलं ते नेलंच, आणि चार वर्षांनी आई आणि तो परत आले तेव्हा गाव नव्हतंच. नुसती खडीची टेकाडं, त्यावर कमरेइतकं गवत. आई झऱ्यापाशी गेली. झरा तसाच वाहत होता. त्याच्याकडे पाठ करून ती उभी राहिली आणि पावलं मोजू लागली, सासुरवाशीण असताना घागर घेऊन मोजायची तशी. बासष्ट पावलांवर थांबली. "इथे खण," म्हणाली. त्याने हातभर खणलं आणि चुलीचा काळा दगड लागला. आई त्यावर तळहात ठेवून बसली. रडली नाही. दगड गरम आहे का ते बघत असल्यासारखी बसली होती, आणि त्याला त्या वयात तिची फार लाज वाटली होती, का ते आजही सांगता आलं नसतं. तळहाताभोवती मुंग्या फिरत होत्या. खाली टंकलेखकाच्या खोलीत कुणीतरी शिंकलं, आणि तहसीन कचेरीत परत आला.

पानावर सात नावं होती. प्रत्येक नावावर एक आडवी रेघ आणि समोर बारीक, रेखीव अक्षरात 'स्थलांतर : दुहोक'. सातही वेळा अक्षर त्याचंच. त्यात पाप काय होतं? गावाच्या कार्डाचा शिधा डोंगर उतरून तालुक्याच्या गावी जाऊन आणावा लागे. पिठात किडे, तेल कधी येई कधी नाही. लोक म्हणाले, तहसीन, तू कचेरीत आहेस, एवढं कार्ड इकडे करून दे. त्याने करून दिलं. उपकार म्हणूनच केलं, आणि त्यांनी अक्रोड, काकवी, सुमाकचा आंबट मसाला पोचवून ते फेडलेही. शेवटचं आईचं. पाच वर्षांपूर्वी तिच्या गुडघ्यांचं निमित्त करून त्याने तेही केलं होतं. "मी तर इथेच राहणार," ती म्हणाली होती. "रहा की, दाये. हे नुसतं पिठासाठी," तो म्हणाला होता. नुसतं पिठासाठी. त्याने रजिस्टरवरून बोट फिरवलं आणि मग एकदम, कुणी मागून हाक मारावी तसं, त्याला दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसल्या. खाली, या पानावर, गावात एकही माणूस नाही. आणि वर, मित्राचं जे बिनमाणसाचं यंत्र महिनोन्महिने आभाळात घुरघुरत गावाकडे बघत होतं, त्याला दर गुरुवारी सात धुराड्यांतून सात धूर दिसत होते. सात घरं, राहणारा कुणी नाही, आणि सात ठिकाणी स्वयंपाक. त्याची चित्रं बघत बसलेल्या कुणा माणसाने, त्याच्यासारख्याच एखाद्या कारकुनाने, ते दोन आकडे जुळवले असतील आणि अकरा हा हिशेब काढला असेल. घरटी दीड माणूस. तहसीनला घाम फुटला. आईने जाळ केला आणि त्याने कागद केला. दोघांनी मिळून ती विमानं गावावर बोलावली होती. आणि परवाच्या गुरुवारी ती पुन्हा पेटवणार होती.

त्या संध्याकाळी तो घरी न जाता बाजारात माम सेलमानच्या शिलाईच्या दुकानात गेला. माम म्हणजे काका. रक्ताचा नव्हे, गावचा. घर पाडलं गेलेला तो हाच. म्हातारा तोंडात टाचण्या धरून एका पाटलोणीची उंची कमी करत होता, आणि तहसीनचं सगळं बोलणं त्याने टाचण्या न काढता ऐकलं. म्हणणं एवढंच होतं की माम सेलमानने अर्ज करून आपलं कार्ड पुन्हा कानीबेहीवर न्यावं. एक जरी कार्ड गावावर असलं तरी चौकटीत शून्य लिहावं लागणार नाही. सेलमानने एकेक टाचणी काढून उशीत खोचली. "म्हणजे घर पडल्यावर मी तिथे राहायला जायचं," तो म्हणाला. "कागदावर, माम." "कागदावरचं पीठ कुठे मिळणार? वर डोंगरात?" "तीन महिने. तेवढे तीन महिने काढा." "तू आमचं नाव खोडलंस तेव्हा असा घाम नव्हता आला तुला," म्हातारा म्हणाला, आणि मग त्याचा आवाजच बदलला. "काय रे, माझी चूल... दगड तरी शाबूत आहे का?" तहसीन म्हणाला, आई बघते म्हणालीय. सेलमानने पाटलोण तोंडावर धरली, जशी काही शिवण बघतोय. "तिला सांग, माझी राहू दे. आंधळी तर आंधळी. सांग तिला मी सोडली म्हणून." पण अर्जावर सही करायला त्याने हात पुढे केला नाही, आणि तहसीननेही पुन्हा म्हटलं नाही.

बुधवारी दुपारी इस्मत आपल्या खोलीत संत्र्याची साल काढत होते. "उस्ताद," कचेरीत साहेबाला म्हणायचे तसं तहसीन म्हणाला, "तिथे माझी आई राहते." इस्मत थांबले. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "रजिस्टरात आहे?" "नाही." "मग?" "पण ती तिथे आहे. आत्ता, या क्षणाला आहे." इस्मतनी संत्र्याची एक फोड त्याच्यापुढे धरली. "काक तहसीन, मी या कचेरीत आलो तेव्हा पहिल्या दिवशी तुम्हीच मला शिकवलंत. जे रजिस्टरात नाही त्याला साखर नाही. मी तर डायरीत लिहून ठेवलं होतं." तहसीनने फोड घेतली. गोड होती. मित्राकडूनच आलेली असणार. तो काय काय बोलू शकला असता! शेरा लिहू शकला असता, नकार देऊ शकला असता, आजारी पडू शकला असता. पण चोवीस वर्षांत त्याने खोटा आकडा कधी लिहिला नव्हता. दुसरी कुठलीच फुशारकी त्याच्यापाशी नव्हती, आणि शून्य हा आकडा खरा होता. त्याने पेन उघडलं. चहाचं ते वर्तुळ वाळून तपकिरी झालं होतं, त्याच्या आत त्याने शून्य काढलं, नीट, गोल, आणि सही केली. घरी जाऊन तो न जेवता झोपला, आणि झोपेत चुलीच्या दगडावर हात ठेवून बसला होता. दगड गार होता. पेलशीन म्हणाली, रात्रभर तू पाय झाडत होतास.

गुरुवारी त्याने रजा टाकली आणि गाडी काढली. शेवटच्या नाक्यावरचा शिपाई फोनवर कुणाशी तरी गुलूगुलू बोलत होता, त्याने हातानेच जा म्हटलं. पुढे रस्ता बॉम्बने खचलेला. गाडी कडेला लावून तो चालत निघाला. सप्टेंबरचं ऊन, दोन्हीकडे वाळलेलं गवत, आणि वर ती घुरघुर. फ्रिज चालू असल्यासारखी. शहरात ती ऐकू आली असती तर लक्षातही आली नसती. इथे ती एकच गोष्ट होती. तरीही चालताना त्याला छान वाटत होतं, याची त्याला शरम वाटली. पायांना वाट पाठ होती. कुठल्या वळणावर पुदिन्याचा वास येणार ते नाकाला आधी कळत होतं. मध्येच आपण एकोणीसचे आहोत आणि आई पुढे चालतेय असं वाटे, मध्येच आपण फार म्हातारे आहोत आणि मागून कुणी लहान आपल्याला हाक मारतंय असं. झरा आला. तिथे आई बसली होती, काटक्यांचा भारा बांधत. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि उजवा कान पुढे केला. "गाडी कुठे सोडलीस? जेवलास?"

त्याने सगळं सांगितलं. सेलमानचा निरोप सांगितला, धुराचं सांगितलं, यंत्राचं सांगितलं, आणि शेवटी कागदाचंही सांगितलं, कारण न सांगता त्याला तिच्या हातचा घास गिळता आला नसता. "काय लिहिलंस?" आईने विचारलं. "शून्य." "आणि मी?" "तू दुहोकला असतेस, दाये. कार्डावर." ती हसली. दात नसलेलं, मोकळं हसू. "बरं झालं सांगितलंस. नाहीतर मला वाटत होतं मी इथे आहे." मग हसू मावळलं आणि तिने भारा डोक्यावर घेतला. "हे बघ तहसीन. पहिल्यांदा आपल्याच सैन्याने पाडलं, तेव्हा मला कुणी विचारलं नाही. ती डोंगरातली पोरं आली, त्यांनी विचारलं नाही. हा वरचा विचारत नाही, बगदादवाला विचारत नाही, आणि आता तूही न विचारता लिहून आलास. सगळ्यांना गाव हवंय, आणि चूल पेटवायला मी. चल बाजूला हो." तिने हाजी उमेरच्या घराकडे पाहिलंही नाही, पाहायला तिथे काही नव्हतं, सरळ खालच्या ओळीतल्या पहिल्या घराकडे गेली आणि कुलूप काढलं.

ती आत जाळ करत असताना तहसीन उंबऱ्याबाहेर उभा होता. धूर वर गेला. निळसर, सरळ, वारा नव्हताच. त्याने मान वर करून त्या धुराचं टोक शोधलं आणि त्याच्या मनात आलं, आता आपण दिसत असू. एक ठिपका. कुठल्यातरी खोलीत कुणीतरी चहा पीत या ठिपक्याकडे बघत असेल आणि त्याला नाव नसेल, कार्ड नसेल. मी स्वतःच ते खोडलं. आणि मग जे झालं ते त्याचं त्यालाच नवल वाटावं असं होतं. त्याची भीती गेली नाही, पण तिच्यासकट तो आत गेला, आईच्या हातातली काडीपेटी घेतली आणि म्हणाला, "पुढची मी पेटवतो. मी जात नाही. ऑक्टोबरात आपण दोघं मिळून जाऊ." आईने काटक्यांचा भारा त्याच्याकडे दिला. दुसऱ्या घरात त्याने काटक्या रचल्या. त्याला येत होतं, हाताला आठवत होतं. दुसरा धूर गेला. भाकरीचा वास सुटला. इतक्या वर्षांत आपण असं कुठे उभे होतो का, त्याने स्वतःला विचारलं, आणि त्याचा ऊर भरून आला. तिसऱ्या घरात तो चुलीपुढे उकिडवा बसला, काडी ओढली, आणि घुरघुर खाली आली.

थोडीशीच खाली आली. फळ्यांवरची भांडी बारीक बारीक वाजायला लागली. तहसीनने काडी काटक्यांना लावली, पण हात असा थरथरत होता की ती विझली. दुसरी ओढली, तीही विझली. तिसरी ओढताना त्याने वर पाहिलं तर आई त्याच्या हाताकडे बघत होती. इतकी वर्षं ती या आवाजाखाली एकटी हिंडत होती, आणि तिच्या तोंडावरची सुरकुती हलली नव्हती. आत्ता ती हलली. तिचा चेहरा ब्याण्णवसालचा नव्हता, अठ्ठ्याऐंशीचा होता; ट्रकच्या मागे धावताना जसा झाला होता तसा. "ऊठ," ती म्हणाली. "पेटतंय, दाये, थांब." "ऊठ म्हणते ना!" तिने कोपऱ्यातला पाण्याचा तांब्या उचलला आणि चुलीत ओतला. न पेटलेल्या चुलीत. मग ती उलटी फिरली, दुसऱ्या घरात गेली, तिथली पेटलेली विझवली. पहिल्या घरात गेली, तिथली विझवली. तो तिच्या मागे मागे धावत होता, लहानपणी धावायचा तसा, आणि म्हणत होता, "दाये, नको, मी आहे ना इथे, मी खरंच आहे," आणि ती ऐकत नव्हती. तिच्या डाव्या बाजूला तो होता. शेवटी आपल्या घरात ती चुलीपुढे बसली. इथला निखारा एप्रिलपासून राखेत जिवंत होता. तिने राख बाजूला केली, त्याच्याकडे क्षणभर पाहिलं, आणि तळहाताने राख पुन्हा त्याच्यावर दाबली, जोरात, धूरही बाहेर येईना इतकी. "दुसऱ्याने आंधळी करण्यापेक्षा," ती म्हणाली, "मीच डोळे मिटवते." मेलेल्या माणसाचे मिटवतात तसाच तिचा हात फिरला. मग तिने सात किल्ल्या कमरेच्या कनवटीतून काढल्या, पुन्हा खोचल्या, आणि चपला घातल्या. तहसीन रडत होता. त्याला तिला न्यायचंच होतं; शनिवारपासून त्याचा जीव त्यासाठीच टांगणीला होता; आणि आता ती निघाली तेव्हा त्याला वाटत होतं कुणीतरी तिला अडवावं.

वाटेत ती एकदाही मागे वळली नाही. फळांबद्दल बोलली, कच्चीच आहेत, पण पक्षी सोडणार नाहीत, म्हणाली. गाडीत बसल्यावर डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने चेहरा पुसला आणि काच खाली करायला सांगितली. नाक्यावर आता ऊन उतरलं होतं, आणि शिपाई दुसरा होता, कोवळा, नुकताच कामावर चढलेला. त्याने वाकून दोघांकडे पाहिलं. "कुठून?" "कानीबेहीहून," तहसीन म्हणाला. शिपायाने पाटीला लावलेली गावांची यादी चाळली. यादी आजचीच होती, कागद अजून कडक होता. त्यावरून बोट खाली आणत तो एका ओळीवर थांबला. "तिथे तर कुणीच राहत नाही, काक," तो म्हणाला. उद्धटपणे नव्हे, चुकून वाट विसरलेल्या माणसाला सांगावं तसं. आई त्याच्या बाजूला झुकली, चांगला कान पुढे करून. "काय म्हणतोय?"

"म्हणतोय... तिथे कुणी राहत नाही."

खजालने त्याच्यावरून वाकून शिपायाकडे नीट पाहिलं.

"आता नाही, बाळा," ती म्हणाली.